म्हातारीचा सुळा

४ फेब्रुवारी, रविवार

लिहून काढल्याशिवाय आज मला चैन पडणार नाही. डोकं नुसतं तापलंय.

नणंदेला भेटून परत येताना हमरस्त्यावर पाटी दिसली : ‘सोडवून आणलेल्या अस्वलांचं घर’. खाली बाण. गाडी लेक चालवत होती. म्हणाली, “आई, दहा मिनिटं थांबू या, बाबांचे पाय मोकळे होतील.” थांबलो. तिथेच चुकलं, किंवा तिथेच बरोबर झालं, अजून ठरत नाही.

कुंपण रस्त्यापासून जेमतेम शंभर पावलांवर. ट्रकनं हॉर्न दिला की आतली सगळी अस्वलं एकदम दचकतात. जागा स्वच्छ होती, ते मी नाकारत नाही. झाडं होती, पाण्याचा हौद होता, चढून बसायला लाकडी माच होते. पण जाळीच्या कडेला एक काळी मादी उभी होती आणि तोंडाची डावी बाजू खांबावर घासत होती. घासायची, मान खाली टाकायची, झुलायची, परत घासायची. समोर बसमधून उतरलेली तीसचाळीस माणसं. “अगं बघ, नाचतंय!” “लाजतंय बघ कसं!” एकानं टाळ्यांचा ठेका धरला आणि बाकीच्यांनी तो उचलला. मोबाइल तर काय, सगळ्यांच्याच हातात.

चाळीस वर्षं मी माणसांच्या तोंडात बघते आहे. तिच्या डाव्या डोळ्याखाली लिंबाएवढी सूज होती, तिच्या मधोमध केस चिकटलेले, तिथून पू झिरपत होता. लाळ एकाच बाजूनं. तोंड उघडलं तेव्हा वरचा सुळा दिसला : मोडलेला, मध्ये काळं भोक. आतली नस उघडी पडून सडलेली. असा पेशंट आला तर मी त्याला बाकावर बसूही देत नाही, सरळ खुर्चीत घेते. आणि इथे टाळ्या!

मी ओरडले, “नाचत नाहीये ती! दात ठणकतोय तिचा!”

लोक हसले. टोपीवाला एक म्हणाला, “आजी, तुम्हाला अस्वलांची भाषा येते वाटतं?”

“दातांची येते. डॉक्टर आहे मी.”

“मग काढा की दात!” परत हशा.

गलका ऐकून तिथली व्यवस्थापक बाई आली. चाळिशीची, पायात गमबूट, हातभर ओरखडे. मी तिला तोंडाला येईल ते बोलले. सोडवून आणलं म्हणता, दुखण्यातून कोण सोडवणार? पाटी कशाला लावली, काढून टाका. तिनं मध्ये एक शब्द टाकला नाही. शेवटी म्हणाली, “आम्हाला माहीत आहे, डॉक्टर.” यानं तर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माहीत आहे आणि गप्प बसली आहे! लेकीनं माझं कोपर धरून मला गाडीत आणलं.

वर थर्मासमधला चहा माझ्या मांडीवर सांडला. लेक गाडी चालवते की नांगर, कळत नाही. हे म्हणाले, “गाडी उभी होती.” यांना नेमकं नको तिथे बोलायचं असतं.

५ फेब्रुवारी, सोमवार

दवाखान्यात गेले तर माझ्या यादीत दोनच नावं. बाकीचे सगळे लेकीकडे. काउंटरवरच्या बाईला विचारलं तर ती कागदात डोकं घालून म्हणते, “तुम्हाला विश्रांती म्हणून.” मी मागितली होती का विश्रांती?

हे सगळं त्या निवृत्त मुख्याध्यापकांच्या ओठापासून सुरू झालंय. गेल्या महिन्यात त्यांच्या ओठाला जरासं लागलं, दोन टाके पडले. त्यांनीच मान हलवली होती. ते म्हणतात हलवली नाही. मुख्याध्यापकांना आपलं काही चुकतं असं कधी वाटलंय का?

दुपारभर आश्रयस्थानाला पत्र लिहीत बसले. पहिल्या मसुद्यात ‘निर्लज्ज’ हा शब्द पाच वेळा आला. दुसऱ्यात तीनवर आणला.

११ फेब्रुवारी, रविवार

पत्राला उत्तर आलं : ‘या आणि बघा.’ गेले. हे बरोबर आले. लेक येणार नाही म्हणाली होती, पण गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन दारात उभी.

व्यवस्थापक बाईनं एक फाइल माझ्यापुढे ठेवली. त्या मादीच्या दातासाठी वनखात्याला लिहिलेली पत्रं. अकरा. पहिलं तीन वर्षांपूर्वीचं. खात्याच्या परवानगीशिवाय इथल्या जनावरावर मोठी शस्त्रक्रिया करता येत नाही, आणि खात्याचं म्हणणं, आधी करणारा डॉक्टर दाखवा. डॉक्टर म्हणतात, आधी परवानगी दाखवा. अकरा पत्रं लिहिली ही आणि गेल्या रविवारी माझ्यासमोर मुकाट उभी राहिली! सांगायचं नाही का? मला उगाच कजाग ठरवलं. माफी मागायला हवी होती. मागितली नाही. तिनं चहा दिला. पेला काठोकाठ भरलेला, कुणी भरतं का असा? बशीत सांडला.

त्यांचे जनावरांचे डॉक्टरही होते, लांबोडके, हळू बोलणारे. म्हणाले, “वेदनेची गोळी मधातून देतो. गळू भरलं की औषध देतो, महिनाभर उतरतं, परत भरतं. सुळा काढायला हवा. पण मूळ बोटभर लांब आणि वाकडं. ओढायला गेलं तर जबडा मोडेल. दात हे माझं काम नाही.”

“माझं आहे,” मी म्हटलं. “मी काढते.”

व्यवस्थापक बाई माझ्या हातांकडे बघत राहिली. चांगला बराच वेळ. अंगठी बघत असेल.

तिला सांभाळणारा माणूस पन्नाशीचा, सगळे त्याला मामा म्हणतात. या जागेतला मला पटलेला पहिला माणूस. लांब दांड्याच्या पळीनं तो तिला पातळ लापशी भरवतो. ती जाळीला उजवा गाल लावून घेते, डावा कधीच नाही. तिला तो ‘म्हातारी’ म्हणतो. मी म्हटलं, “वय काय तिचं?” म्हणाला, “एकोणीस.” म्हणजे अस्वलांत माझ्याच वयाची. म्हातारी कसली?

परतताना गाडीत लेक म्हणाली, “आई, खरंच तू करणार?”

“मग कोण, तू?”

तिनं गाडीचा गिअर बदलला.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

खात्याच्या कचेरीत तीन तास. साहेब जेवायला, साहेब बैठकीत, साहेब आत्ता इथेच होते. भेटले तेव्हा म्हणाले, “बाई, अस्वलाला दात हवेत कशाला? लापशीच तर खातं.”

मी म्हटलं, “तुम्हाला तरी खुर्ची कशाला हवी? सही उभ्यानंही होते.”

व्यवस्थापक बाईनं टेबलाखालून माझा पाय दाबला. पण मी बघितलं, ती हसत होती. साहेबांनी बारावा अर्ज घेतला. मी त्यांना पोच लिहून मागितली, तारखेसकट, शिक्क्यासकट. शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली शिपायाकडे, शिपाई सुट्टीवर. मी म्हटलं, “बसते.” शिक्का सापडला.

मला वाटतं मी आणि ती व्यवस्थापक बाई, आमचं जमेल.

३ मार्च, रविवार

आज जे ऐकलं ते लिहायलाही नको वाटतं.

म्हातारीच्या जवळ जाऊन नीट बघायचं होतं. मामानं बोट दाखवलं की ती तोंड उघडते, म्हणून मी बॅटरी घेऊन जाळीशी बसले. तेव्हा दिसलं की एक नाही, चारही सुळे मोडलेले आहेत. बाकीचे तीन सुकून मेलेत, हा एकच पेटलाय. मी म्हटलं, “हे पडून मोडलेले नाहीत. कुणी केलं हे?”

मामा म्हणाला, “माझ्या बापानं.”

मला आधी कळलंच नाही. तो पळी पुसत पुसत, आवाज जराही वर न नेता सांगत होता. त्यांचा धंदाच अस्वल नाचवण्याचा. सहा महिन्यांचं पिल्लू विकत आणलं. पक्के सुळे फुटल्यावर, चावू नये म्हणून लोखंडी पहार आणि हातोडा. नाकात तापलेली सळई घालून दोरी ओवली. भूल वगैरे काही नाही. “पंधरा दिवसांनी तिला नाचवणारा उस्ताद मीच होणार होतो, म्हणून बापानं मला धरायला लावलं. डोकं मी धरलं होतं, डॉक्टरीणबाई. दोन्ही हातांनी.” पुढे चौदा वर्षं त्यानंच तिला नाचवलं. मग कायदा कडक झाला, लोक आले, अस्वल घेऊन गेले. हा पण मागोमाग आला, आणि इथे नोकरीला राहिला.

मी उठले ती सरळ व्यवस्थापक बाईच्या खोलीत. म्हटलं, “या माणसाला आजच्या आज काढा. कसाई आहे तो. याच्या हातात तुम्ही तिला कसं देता?”

ती म्हणाली, “तो नसला की ती खात नाही. एकदा त्याला ताप आला होता, चार दिवस तिनं तोंडात काही घेतलं नाही.”

“मग ती मूर्ख आहे!”

“असेल,” ती म्हणाली. “पण खाते.”

हा काय न्याय झाला? ज्यानं मारलं त्याच्याच हातून खायचं? घरी येऊन यांना सांगितलं. यांचं घड्याळांचं दुकान होतं, बोलण्याची सवय कमी. चष्मा पुसत म्हणाले, “तो रोज तिथे जातो, हेही आहेच ना.” मी बोललेच नाही यांच्याशी जेवणभर. माझ्या शर्टाचं वरचं बटण लागत नव्हतं, कपडेवाल्यांनी हल्ली काजं लहान केलीत. ते यांनी लावून दिलं. न विचारता. मी काय कुकुलं बाळ आहे?

१९ मार्च, मंगळवार

परवानगी आली! अटी : भूल सव्वा तासाच्या वर नाही, आणि शस्त्रक्रियेला दोन दंतवैद्य हजर पाहिजेत. दुसरी अट वाचून मला हसूच आलं. खात्याला कधीपासून एवढी अक्कल? पण व्यवस्थापक बाई म्हणाली, “नियमच आहे.” लेकीला सांगितलं तर तिला काही नवलच वाटलं नाही. तिचं नि व्यवस्थापक बाईचं हल्ली फोनवर बरंच चालतं, कॉम्प्रेसरबद्दल वगैरे.

सराव म्हणून खाटकाकडून डुकराचे जबडे आणले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसते. हिरडी कापायची, पदर उचलल्यासारखी बाजूला करायची, हाड कोरायचं, मुळाला मोकळं करायचं. पण जबडा सारखा घसरतो. यांनी घड्याळांचा व्हाइस टेबलाला जोडून दिला, त्यात जबडा घट्ट आवळला. तरी घसरतो. मी म्हटलं, “टेबलच डुगडुगतंय.”

हे पुटपुटले, “नाचता येईना…”

“काय म्हणालात?”

“काही नाही. टेबलाखाली पुठ्ठा घालतो.” घातला.

मग म्हणाले, “मी दुकान बंद केलं तेव्हा तू काय म्हणालीस, आठवतं? म्हणालीस, डोळे गेले तर गेले, अक्कल तर नाही गेली.”

“तुमची गोष्ट वेगळी,” मी म्हटलं. आणि वेगळीच आहे.

६ एप्रिल, शनिवार

सकाळी सात वाजता पोचलो. लेकीनं कालच सगळं सामान गाडीत भरलं होतं : हातात धरता येणारं ड्रिल, कॉम्प्रेसर, एक्स-रे, पाती, चिमटे, दात सैल करायची उचकटणी, टाक्यांचा दोरा. क्रम लावून. मला हात लावायला काही ठेवलंच नव्हतं.

मामाला आत येऊ द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण इंजेक्शन कोण देणार? बंदुकीनं सुई मारली तर ती घाबरून धावते, मग भूल नीट चढत नाही. मामानं नुसती हाक मारली. ती आली, जाळीला अंग टेकवून उभी राहिली आणि त्यानं मांडीत सुई दिली. तिनं एकदा मागे वळून त्याच्याकडे बघितलं. मला राग आला. कुणाचा, ते नाही सांगता येत.

आठ माणसांनी झोळीतून उचलून आणली. टेबलावर ठेवली तेव्हा मी पहिल्यांदा तिला हात लावला. कानामागे केस मऊ असतात, बाकी काथ्यासारखे. डोळ्यांवर कापड बांधलं. घशात नळी घातली. जनावरांच्या डॉक्टरांनी घड्याळ बघून सांगितलं, “सव्वा तास. त्यापुढे मी हमी देत नाही.” मामा डोक्याशी उभा राहिला आणि त्यानं तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी नको म्हणालंही नाही. मीसुद्धा.

तोंड उघडून पाचर लावली. आता दिव्याखाली चारही सुळे स्वच्छ दिसले. चारही एकाच उंचीवर मोडलेले. पट्टी लावून आखल्यासारखे. माझ्या मनात आलं, त्या बापाचा हात जराही थरथरला नव्हता.

मी पातं उचललं. टोक हिरडीला टेकलं आणि सरकलं. परत टेकवलं. परत सरकलं, आणि या वेळी नको तिथे लालसर रेघ उमटली. मी म्हटलं, “डोकं हलतंय तिचं. भूल चढलेली नाही.”

डॉक्टरांनी पडद्याकडे बघितलं. नाडी, श्वास, सगळं. “चढली आहे.”

“मग डोकं नीट धरा!”

मामा म्हणाला, “घट्ट धरलंय, डॉक्टरीणबाई. ती नाही हलत.”

खोलीत एवढी माणसं, आणि कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे इकडेतिकडे बघत होते. मी माझ्या हाताकडे बघितलं. पात्याच्या टोकावर दिव्याचा ठिपका होता, आणि तो ठिपका नाचत होता.

किती वेळ गेला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, “सात मिनिटं झाली.”

मी पातं लेकीपुढे केलं. म्हटलं, “गुडघे भरून आलेत माझे. तू कर.” गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. तिनं पातं घेतलं आणि कापलं. एका रेषेत. मी तिला शिकवलेल्या कापाहून चांगलं.

मी स्टूल ओढून लेकीच्या खांद्याशी बसले. तिनं हिरडी उचलली, हाड कोरलं, पाणी सोडायचं काम व्यवस्थापक बाईकडे. घाण बाहेर आली तेव्हा वासानं दोघंजण खोलीबाहेर गेले. तीन वर्षं हे म्हातारीच्या डोळ्याखाली होतं. तीन वर्षं, अकरा पत्रं, आणि साहेब विचारतात दात हवेत कशाला! पन्नास मिनिटं झाली तरी मूळ जागचं हलेना. लेकीच्या कपाळावरून घाम चष्म्यावर. तिनं पक्कड लावून जोर केला आणि हाडातून बारीक ‘कट्’ असा आवाज आला.

“आई, मोडतंय. जबडा मोडतोय.”

“ओढू नकोस.”

“वेळ नाहीये!”

“ओढू नकोस म्हणते ना. ते आकड्यासारखं वाकलंय, नाकाच्या बाजूला. उचकटणी मागून घाल. अजून मागे. आता फिरव, आणि धरून ठेव. काही करू नकोस. नुसती धरून ठेव.”

“किती वेळ?”

“मी सांगेपर्यंत.”

डॉक्टर म्हणाले, “पंचावन्न.” हाड दमतं, त्याला वेळ द्यावा लागतो. हे पुस्तकात नसतं. “अठ्ठावन्न.” मी तिच्या मनगटाकडे बघत होते. शिरा ताठ, पण हात दगडासारखा. मग दात तसूभर सरकला. आवाज आला नाही, नुसतं दिसलं. “आता,” मी म्हटलं. सगळाच्या सगळा बाहेर आला, माझ्या मधल्या बोटापेक्षा लांब, टोकाला काळा.

टाके घालताना मी दोनदा ओरडले, “आवळू नकोस एवढा!” ती म्हणाली, “हो आई.” चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला नळी काढली.

दात ताटलीत होता. व्यवस्थापक बाईनं मामापुढे धरला. तो दोन पावलं मागे गेला. “मला देऊ नका,” म्हणाला, आणि पिंजऱ्यात जाऊन तिच्याजवळ बसला.

मी त्याला माफबीफ केलेलं नाही. तो माझी माफी मागतही नव्हता म्हणा. मागणार असलाच तर ती माझ्याकडे थोडीच.

८ एप्रिल, सोमवार

लेकीला दवाखान्यात आतल्या खोलीत बोलावलं. दार लावलं. म्हटलं, “माझे गुडघे ठीक आहेत.”

“माहीत आहे.”

“हाताचं आहे.”

“माहीत आहे, आई. वर्ष झालं.”

वर्ष! मी इतकी भडकले की विचारू नका. वर्षभर ही आणि हिचा बाप, काउंटरवरची बाई, सगळे मिळून माझ्याभोवती अळीमिळी गुपचिळी! माझे पेशंट काढून घेता, बटणं लावता, पेले अर्धे भरता, आणि सांगत मात्र कुणी नाही! मी काय पिंजऱ्यातलं जनावर आहे, मधातून गोळी द्यायला?

ती म्हणाली, “दोनदा सांगितलं. एकदा तू म्हणालीस की मला तुझी खुर्ची हवी आहे. दुसऱ्यांदा आठवडाभर बोलली नाहीस.”

मला दोन्ही आठवत होतं. मी म्हटलं, “तिसऱ्यांदा सांगायचं.”

तेव्हा ती रडायला लागली, आणि मग मला ओरडताही येईना. शेजारच्या खोलीत एक पेशंट तोंड उघडं ठेवून वाट बघत होता. ती डोळे पुसून गेली. मी तिथेच बसले. बरं वाटलं नाही. पण खोटं बोलायला जो जोर लागायचा तो आज लागला नाही, एवढं खरं.

एक मात्र मानायला हवं. खात्यानं आयुष्यात एकदाच शहाणपणाचा नियम केला, दोन दंतवैद्यांचा. तो नसता तर शनिवारी काय झालं असतं?

मुख्याध्यापकांना फोन केला. म्हटलं, मान तुम्ही हलवली नव्हती. ते म्हणाले, “मी आधीच सांगितलं होतं.” या माणसाशी चांगलं वागणं किती कठीण आहे!

२२ एप्रिल, सोमवार

म्हातारी खात नाही. सोळा दिवस झाले, नुसतं पाणी आणि मामाच्या हातची दोन पळ्या लापशी, तीही उजव्या बाजूनं. निजायच्या बांधीव गुहेतून बाहेर येत नाही. सूज गेली, पू बंद आहे, टाके भरलेत. मग का नाही? डॉक्टर म्हणतात, दुखणं गेलं तरी सवय जात नाही लगेच. असली सुभाषितं मला नकोत. मी फोनवर त्यांना वाटेल ते बोलले. मग व्यवस्थापक बाईला. मग कुणी उरलं नाही तेव्हा यांना.

खरं म्हणजे मला भीती वाटतेय. तिला कुणी विचारलं होतं का? रस्त्यावर गाडी थांबवून मी ठरवलं, मी ओरडले, मी अर्ज नेला. ती झुलत होती, घासत होती, पण जगत होती. आता जर मेली, तर ती माझ्या रागानं मेली असं होईल. राग बरोबर होता की. बरोबर असून उपयोग काय, हे मला आजवर कधी विचारावं लागलं नव्हतं.

२ मे, गुरुवार

मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो, लेक आणि मी. दोन महिन्यांपूर्वीच तिनं वेळ घेऊन ठेवली होती, हे आज कळलं. भांडायचं ठरवलं होतं, पण पायऱ्याच इतक्या होत्या की दम राहिला नाही.

डॉक्टर तरुण, केस विंचरलेले, टेबलावर एकही कागद नाही. मला असल्या टेबलांचा संशय येतो. त्यांनी बोटं आपटायला लावली, चालायला लावलं, मनगट धरून फिरवून बघितलं. विचारलं, वास येतो का नीट? झोपेत हातपाय झाडता का? लेकच उत्तरं देत होती. मी म्हटलं, “तोंड मला पण आहे.”

मग त्यांनी एक कोरा कागद पुढे केला. रेघासुद्धा नाहीत त्याला! म्हणाले, “एखादं वाक्य लिहा. काहीही, जे मनात येईल ते.”

मी लिहिलं.

त्यांनी कागद उचलला, चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला. अक्षर हरभऱ्याएवढं सुरू होऊन मोहरीएवढं संपलं होतं. ते मलाही दिसत होतं. शेवटच्या शब्दाशी त्यांना कागद नाकाजवळ न्यावा लागला. ते मोठ्यानं वाचू लागले, “म्हातारीनं… काल… डाव्या बाजूनं… कणीस खाल्लं.”

“अख्खं,” मी म्हटलं. “सकाळीच फोन आला.”

“अरे वा. म्हातारी म्हणजे आपल्या सासूबाई?”

“नाही. अस्वल.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हळूच लेकीकडे बघितलं; हेही लक्षणांत धरायचं का, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

“खरंच अस्वल आहे, डॉक्टर,” लेक म्हणाली. तिचा आवाज फुटत होता. हसण्यानं की कशानं, मी वळून बघितलं नाही.

मग मला सगळं सांगावंच लागलं. टाळ्या, पू, अकरा पत्रं, साहेबांचा शिक्का, चारही सुळे एका उंचीवर. बाहेर पेशंट खोळंबले होते. नर्स दोनदा डोकावून गेली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं होतं.

“आणि तो दात काढला कुणी?” त्यांनी विचारलं.

“आईनं—” लेक म्हणायला लागली.

“हिनं,” मी म्हटलं.